अवांतर वाचन

मूल वाचत नाही अशी तक्रार करणाऱ्या आईबापांचा मला हल्ली हेवा वाटतो. त्यांना समाजात केवढी सहानुभूती आहे! त्यांच्यासाठी शिबिरं निघतात, व्याख्यानं होतात, तज्ज्ञ मंडळी दिवाळी अंकांतून लेख लिहितात आणि शेजारचे लोक ‘मोबाइलची पिढी हो’ म्हणत सांत्वन करून जातात. ज्यांचं मूल वाचतं त्यांना कोणी विचारत नाही. त्यांचं सगळं छान चाललंय, असा लोकांचा समज असतो.

आमची कन्या सहावीत आहे आणि ती वाचते. म्हणजे नेमकं काय करते ते सांगायला हवं. जेवताना वाचते, दात घासताना वाचते, एक मोजा पायात घालून दुसरा हातात धरून वाचते आणि तेवढ्यात शाळेची बस निघून जाते. पुस्तक हाताशी नसेल तर शॅम्पूची बाटली वाचते. भेळेचा कागद ती भेळ संपायच्या आत वाचायला घेते, त्यामुळे उरलेली भेळ माझ्या मांडीवर येते. मध्यंतरी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यातली ती मुंगीच्या अक्षरांतली चिठ्ठी तिने वाचून काढली आणि जेवणाच्या टेबलावर सगळे दुष्परिणाम जाहीर केले. अण्णांना त्यातले बरेचसे त्याच रात्री जाणवू लागले.

इतरांच्या शाळेच्या डायरीत ‘पाल्य गृहपाठ करत नाही’ अशा सुटसुटीत तक्रारी येतात. आमच्या डायरीत लाल शाईत आलं: ‘पाल्य वर्गात अवांतर वाचन करते. पालकांनी लक्ष द्यावे.’ आता लक्ष द्यायचं म्हणजे काय करायचं? ‘बाळा, वाचू नकोस, टीव्ही बघ’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी तेही सांगून पाहिलं.

“टीव्ही फार सावकाश सांगतो हो बाबा,” ती पान उलटत म्हणाली.

बरं, ही एवढी पुस्तकं ठेवायची कुठे? ठाण्यातला आमचा फ्लॅट बिल्डरच्या माहितीपत्रकात ऐसपैस होता. आता त्यात माणसं पुस्तकांच्या सवडीने राहतात. कपाट भरलं, दिवाण भरला. मग पुस्तकं वॉशिंग मशीनवर चढली आणि कपडे पिळायची वेळ आली की तिथून एकेक करून खाली उडी घेऊ लागली. पाहुण्यांना गादी काढून द्यायची तर आधी ‘फास्टर फेणे’चा सगळा संच हलवावा लागतो. सासूबाई मिक्सरचं भांडं शोधायला ओट्याखाली वाकल्या तर त्यांच्या हाताला ‘बोक्या सातबंडे’ लागला. पावसाळ्यात घरात सर्वांत आधी आजारी पडतात ती पुस्तकंच. पानं फुगतात, पुठ्ठे वाकतात, कसर लागते. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या. कसर गेली नाही; मात्र ‘गोट्या’ उघडला की लग्नातल्या शालूचा वास येतो.

मी एकदा हिशेब मांडला. (हिशेब मांडणं हा माझा पेशाच, एका कंपनीत मी जीएसटीची विवरणपत्रं भरतो.) ठाण्यातल्या चौरस फुटाच्या भावाने पुस्तकांनी अडवलेली जागा धरली, तर शंभर रुपयांचं पुस्तक घरात ठेवायला मी त्याच्या कित्येक पट गृहकर्ज फेडतोय, असं निघालं. आकडा बायकोला दाखवला.

“तुमच्या व्यायामाच्या सायकलने अडवलेली जागा धरलीत का यात?” तिने विचारलं.

हिशेब तिथेच थांबला. सायकलवर त्या वेळी ‘चांदोबा’चे बांधीव खंड वाळत होते.

“वाचनालय लावा तिला,” अण्णा म्हणाले. अण्णा मराठीचे निवृत्त शिक्षक. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं, मुंबईचं १८९८ साली, म्हणजे वाचनात आपण मुंबईच्या पाच वर्षं पुढे आहोत, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. गॅसवाल्यालाही सांगितलं आहे. सांगून झालं की पेपरातलं शब्दकोडं पुढे सोडवायला घेतात.

तर नाक्यावरच्या एका लहानशा वाचनालयात कन्येचं नाव घातलं. अनामत भरली, वर्गणी भरली, एका वेळी एक पुस्तक असा नियम समजून घेतला. कन्या पुस्तक घेऊन बाहेर पायऱ्यांवर बसली आणि तासाभराने पुन्हा टेबलाशी हजर. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“आज नेलेलं आज बदलून मिळत नाही.”

“पण वाचून झालं.”

“सगळं? सांग बघू गोष्ट.”

कन्येने सांगितली. उपकथानकांसह सांगितली, जिथे लेखकाचं चुकलं तिथे थांबून ते कसं असायला हवं होतं हेही सांगितलं. मागे रांग जिन्यापर्यंत गेली. रांगेतल्या एका आजींनी नातवासाठी तेच पुस्तक न्यायचं ठरवलं होतं ते रद्द केलं, कारण आता शेवट कळला होता. दुसऱ्या दिवसापासून बाई नियम बाजूला ठेवून तिला दोन पुस्तकं देऊ लागल्या. अट एकच, गोष्ट सांगायची नाही.

वाचनालयाच्या पुस्तकांची एक गंमत असते. त्यांत मूळ लेखकाखेरीज इतरही बरेच लेखक असतात. समासात पेन्सिलीने कोणी ‘सहमत’ लिहून ठेवलेलं असतं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मी नाही’. प्रेमप्रसंगाशेजारी ‘असे प्रत्यक्षात होत नाही’ अशी कोणाची तरी दुःखी नोंद असते. आणि रहस्यकथा असली की पहिल्या वीस पानांत कुठेतरी एक समाजसेवक ‘खुनी डॉक्टर आहे’ एवढं लिहून निघून गेलेला असतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांतून फिरणारा हा एकच इसम असावा, असा माझा अंदाज आहे. कन्येला या नोंदी पुस्तकाइतक्याच आवडतात. पण तिच्या वेगापुढे बालविभाग किती दिवस टिकणार? पावसाळ्याच्या आत तो संपला.

अशात आमचे साडू आले. साडू हे नातंच मुळी आपल्याकडे काय नाही ते कळावं म्हणून निर्माण झालं आहे. त्यांनी खिशातून एक पातळ काळी पाटी काढली आणि टेबलावर ठेवली.

“तीन हजार पुस्तकं आहेत यात. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. पहिला किंडल २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला ना, तेव्हा साडेपाच तासांत सगळा माल संपला होता!” हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं ते स्वतः रांगेत होते. २००७ च्या नोव्हेंबरात साडू डोंबिवलीत होते.

“तीन हजारांतली वाचलीत किती?” अण्णांनी विचारलं.

“तसं नाही अण्णा, हे कलेक्शन आहे.”

कन्येने तोवर पाटी उघडून पाहिली होती. जगाच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ उघडलेला होता आणि कोपऱ्यात ४ टक्के असं दिसत होतं. पुढच्या दिवाळीला ते पुन्हा आले, तेव्हाही साडू अश्मयुगातच होते.

पण ठिणगी पडली ती पडलीच. कन्येला ई-रीडर घ्यावा की छापील पुस्तकंच घेत राहावं, यावर आमच्या घरात जी चर्चा झाली तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. ज्यांनी अलीकडच्या काळात एकही पुस्तक पुरं केलेलं नव्हतं त्या सगळ्यांची मतं ठाम होती. आणि जी एकटी वाचत होती ती कोपऱ्यात वाचत होती.

अण्णांचा मुद्दा वासाचा. “पुस्तकाला वास असतो! नव्या पुस्तकाचा वेगळा, जुन्याचा वेगळा. त्या पाटीला काय वास आहे?”

“आजोबा, जुन्या कागदातलं लिग्निन विघटित होतं ना, त्याचा तो वास,” कोपऱ्यातून आवाज आला. “त्यात व्हॅनिलासारखी द्रव्यं असतात. म्हणजे पुस्तक कुजतंय, तो वास तुम्हांला आवडतो.”

अण्णा दुखावले. “आमच्या वेळी वाचन म्हणजे एक संस्कार होता,” ते म्हणाले. हा संस्कार त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ लपवून स्वतःवर करून घेतला होता, हे आमच्या आत्याने मला फार पूर्वीच सांगून ठेवलेलं आहे. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या; त्यामुळे अण्णांचा भूगोल कायमचा कच्चा राहिला.

सासूबाईंना धास्ती डोळ्यांची. मी त्यांना समजावून सांगितलं, की हा मोबाइलसारखा डोळ्यांत उजेड फेकणारा पडदा नव्हे. यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात, प्रत्येकीत पांढरे आणि काळे सूक्ष्म कण. विजेचा भार दिला की कधी पांढरे वर येतात, कधी काळे, आणि त्यातून अक्षर उमटतं. वीज लागते ती पान उलटतानाच. एकदा उमटलेलं पान मग विजेशिवायही तसंच राहतं. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीमधून निघालं, १९९७ साली त्याची कंपनी झाली.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. “म्हणजे पांढरे तीळ आणि काळे तीळ.”

“तसंच म्हणा.”

“मग उष्ण पडेल तिला.”

बायको मात्र पहिल्यापासून ई-रीडरच्या बाजूने होती. तिचं म्हणणं एकच, ओट्याखालची जागा मोकळी झाली पाहिजे. घरात ज्या पक्षाला ओटा मिळतो तो निवडणूक जिंकतो.

खरेदीला मी आणि कन्या गेलो. दुकानातला तरुण अदबीने पुढे आला.

“टॅब घ्या ना सर. यूट्यूब चालतं, गेम चालतात, शाळेची ॲप चालतात.”

“आम्हांला यातलं काहीच चालायला नको आहे.”

“मग काय चालायला हवं?”

“पुस्तकं.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा कन्येकडे पाहिलं. दहा-पंधरा हजार रुपये मोजून काहीही न चालणारं यंत्र मागणारं गिऱ्हाईक त्याच्या नशिबी पहिल्यांदाच आलेलं असावं. आतून कुठूनतरी धूळ झटकत त्याने खोकं आणलं, आणि बिल करताना हळूच मला म्हणाला, “सर, मुलीला बाहेर खेळायची मनाई आहे का? डॉक्टरांनी सांगितलंय का?”

परतताना रिक्षात मी कन्येला जीएसटी समजावून सांगितला. छापील पुस्तकावर कर शून्य. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर ५ टक्के; २०१८ च्या जुलैपर्यंत तर १८ होता. म्हणजे ज्याच्यासाठी झाड तुटलं, कागद झाला, शाई लागली, टेम्पो भरला आणि हमालाने पाठीवर वाहिलं, ते करमुक्त. आणि जे वजन नसलेलं हवेतून उतरलं, त्याला कर. माझ्या मते या विषयावर एक सुंदर व्याख्यान होऊ शकेल. कन्या तोपर्यंत रिक्षावाल्याच्या पाठीमागे चिकटवलेलं परवान्याचं पत्रक वाचून संपवून त्याच्या बिल्ल्याकडे वळली होती.

घरी आल्यावर मी सोबतची पुस्तिका घेऊन बसलो. यंत्राला हात लावण्याआधी ती पूर्ण वाचायची, असा माझा शिरस्ता आहे. मी ‘यंत्र तीव्र उन्हात ठेवू नये’ इथवर आलो, तोवर कन्येने खातं उघडून, वाय-फाय जोडून, अक्षर मोठं करून पहिली तीन प्रकरणं वाचली होती. थोडक्यात, ई-रीडर घरात आला त्या दिवशी छापील मजकूर वाचणारा घरात मी एकटा होतो.

नव्या यंत्राने घरातली भाषा बदलली. पाटीला पान क्रमांकांपेक्षा टक्क्यांची हौस फार. रात्री जेवताना कन्या म्हणाली, “त्रेसष्ट टक्के झाले.”

“बरे आहेत की,” सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या बाबाला तेवढेही नव्हते.”

मराठी पुस्तकांचं घोडं मात्र अडलं. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायलाच २०१६ चा डिसेंबर उजाडला होता. तोवर छापून झालेल्या दीडशे-दोनशे वर्षांचं काय? कन्येला हवी ती पुस्तकं बहुतेक कागदावरच होती. साडूंनी मदतीचा हात पुढे केला आणि स्कॅन केलेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा पाठवून दिला. त्यातलं पान अख्खं दिसावं असं धरलं की अक्षर दिसत नसे, आणि अक्षर दिसेल एवढं मोठं केलं की ओळीचा शेवट शेजारच्या घरात जाई. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक मोफत वाचायला ठेवले आहेत, हे कळल्यावर तर मीच उड्या मारल्या. माझ्या लहानपणीचा अंक मी मोठ्या अपेक्षेने पाटीवर उघडला. मुखपृष्ठावरचे सगळे रंग करडे. बायकोने मागून डोकावून पाहिलं. “तुमचं बालपण ढगाळ होतं का हो?”

पण खरी कटकट निघाली ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची. हीच मुलगी हेच पुस्तक कागदावर वाचत बसलेली असायची, तेव्हा पाहुणे म्हणायचे, “किती गुणी हो पोर! नाहीतर आमचा.” आता तेच पाहुणे, तीच मुलगी, तीच गोष्ट, अगदी तेच प्रकरण, पण हातात पाटी दिसली की आवाज खाली येई. “सारखी स्क्रीनवर असते का? वेळीच लक्ष घाला.” तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एका समुपदेशकाचा नंबर आणून दिला. त्यांच्या घरी दोन टीव्ही आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

बायकोने यावर जो उपाय काढला तो मला सुचला असता तर मी त्याचं पेटंट घेतलं असतं. दर जूनमध्ये शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी कागद तिने काढला, ई-रीडरला कडक घड्या घालून कव्हर घातलं, आणि वर लेबल चिकटवलं. नाव, इयत्ता, तुकडी. विषय: संस्कृत. त्या दिवसापासून आमची कन्या पुन्हा गुणी झाली. काकूंनी तर तिचं उदाहरण स्वतःच्या मुलाला दिलं. लेबलाखाली त्या वेळी कुठल्यातरी भुताने कुठल्यातरी सरदाराचा गळा धरलेला होता.

मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला निघालो. ई-रीडरमुळे सामान हलकं झालं याचा बायकोला एवढा आनंद झाला, की मोकळ्या जागेत तिने आणखी दोन शाली घातल्या. पाचगणी सोडल्यावर वाटेत भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते आधीपासून प्रसिद्ध. २०१७ च्या ४ मेपासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. गावातल्या घरांतून, लॉजमधून, देवळांतून पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं सुरुवातीलाच मांडली होती. एका घरात कथा, दुसऱ्यात इतिहास, आणखी कुठे बालसाहित्य. कोणीही जावं, बसावं, वाचावं. मी ड्रायव्हरला म्हटलं, दहा मिनिटं थांबू या.

दहा मिनिटांनी कन्या बालसाहित्याच्या घरात होती. तासाभराने तिथेच होती. आम्ही स्ट्रॉबेरी खाल्ली. पुन्हा स्ट्रॉबेरी खाल्ली. ड्रायव्हरने झोप काढली, उठून तोही एका ओट्यावर शिवचरित्र घेऊन बसला आणि मग त्याला उठवणंही अवघड झालं. घरातल्या काकूंनी “लेकरू वाचतंय तर राहू द्या” म्हणून आम्हांला पिठलं-भाकरी वाढली. महाबळेश्वरचं आरक्षण, बोटिंग, सूर्यास्त सगळं आमच्याशिवाय पार पडलं. एवढ्या लांब जाऊन महाबळेश्वरचा एकही पॉइंट न पाहिलेलं आमचं बहुधा एकमेव कुटुंब. खाकी कव्हरातली पाटी पूर्ण प्रवासात शालींच्या खाली होती. शालीही निघाल्या नाहीत.

घरी परतल्यावर तिने आणखी एक गोष्ट कुठेतरी वाचली आणि पाटीशी तिचं नातंच बदललं. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या लोकांच्या किंडलवरून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. हक्कांचा काहीतरी घोळ होता. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण काढलेलं पुस्तक कुठलं असावं? जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’! ज्या कादंबरीत सरकार नकोसे कागद भिंतीतल्या भोकात टाकून नाहीसे करतं, तीच नाहीशी केली.

“म्हणजे रात्री झोपेत येऊन नेली?” अण्णांनी विचारलं.

“हो. हवेतून.”

“आमच्या वेळीही लोक पुस्तकं नेत आणि परत करत नसत,” अण्णा म्हणाले, “पण दारातून नेत. चहा पिऊन नेत.” आणि त्यांनी साडूंच्या घराच्या दिशेने पाहिलं. तिथे आमची बरीच पुस्तकं माझ्या लग्नापासून मुक्कामाला आहेत.

तेव्हापासून कन्येने पाटी कायमची विमान मोडवर ठेवली. वाय-फाय चालू करायचं ते मिनिटभर, हवं ते उतरवून घ्यायचं आणि दार लावून टाकायचं. हवं ते म्हणजे नमुने. माझं कार्ड मी खात्याला जोडून ठेवलेलं नसल्यामुळे विकत काही घेता येत नव्हतं; पण बहुतेक ई-पुस्तकांचा सुरुवातीचा भाग फुकट वाचायला मिळतो, हा शोध तिला लागला होता. साधारण दहावा हिस्सा. तिने धडाधड नमुने उतरवले. आमच्या घरात शेकड्याने गोष्टी सुरू झाल्या आणि एकही संपेना. जहाजं निघायची, पोचायची नाहीत. मुलं जंगलात हरवून हरवलेलीच राहायची. आणि रहस्यकथांचा तर दहावा हिस्सा म्हणजे नेमका प्रेत सापडेपर्यंतचा भाग.

रोज झोपण्याआधी कन्या अण्णांना गोष्ट सांगते. हा फार जुना रिवाज. फरक एवढाच, की पूर्वी अण्णा सांगत.

“तर दिवाणखान्याचं दार आतून बंद. आणि आत कर्नलसाहेब उताणे पडलेले.”

“कोणी मारलं?”

“नमुना संपला.”

अण्णा रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी त्यांनी शब्दकोडं सोडवलं नाही. दुपारी आजोबा-नातीने संगनमत केलं. अण्णांनी माझ्या टेबलाच्या खणातून जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलेला कार्डाचा क्रमांक शोधला, कन्येने तो घातला, आणि ओटीपी माझ्या फोनवर गेला. मी त्या वेळी मीटिंगमध्ये. फोन टेबलावर. अण्णांचा नंबर नवा, माझ्याकडे नावाने नव्हता. शेजारच्या सहकाऱ्याने फोन उचलला, स्पीकर लागला, आणि सबंध लेखा विभागाने एका वृद्ध, घाईतल्या माणसाचा आवाज ऐकला.

“लवकर सांग, ओटीपी आला असेल! इकडे खून झालाय!”

लेखा विभाग या दिवसाची वाटच पाहत होता. “सर, देऊ नका!” एकजण ओरडला. दुसऱ्याने फोन हिसकावला. “कोण बोलतंय? नाव सांग! सायबर सेलला कळवतोय!” तिसऱ्याने बँकेला फोन लावून माझं कार्ड बंद करूनही टाकलं. मी “अहो, ते माझे वडील आहेत” म्हणत होतो. “सगळे असंच म्हणतात सर,” तो म्हणाला. “आवाजसुद्धा हुबेहूब काढतात आजकाल.”

आयुष्यात प्रथमच पोलिसांची धमकी खाल्लेल्या अण्णांनी फोन ठेवला, टोपी घातली, नातीला सोबत घेतलं आणि थेट नाक्यावरचं वाचनालय गाठलं. पुस्तक तिथे होतं, मराठी अनुवाद, शिवण सुटलेला. अण्णांनी ते नाकाशी धरलं, खोल श्वास घेतला आणि नातीकडे विजयी नजरेने पाहिलं. मग घरी येऊन पाय वर घेऊन वाचायला बसले. बाराव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘खुनी मेहुणा आहे.’

त्या संध्याकाळी अण्णा कोणाशी बोलले नाहीत. पण पुस्तक त्यांनी सोडलं नाही. मेहुणा पानावर आला की ते नुसते ‘हं’ म्हणायचे. मेहुण्याने चहा मागितला, हं. मेहुणा बागेत गेला, हं. एकशे चाळिसाव्या पानावर मेहुण्याचाच खून झाला.

सबंध नोकरीभर पेपर तपासलेला माणूस चुकीचं उत्तर तसंच कसं सोडणार? अण्णांनी पुस्तक पुरं केलं, मग बारावं पान काढलं आणि लाल पेनाने त्या पेन्सिलीवर काट मारली. शेजारी लिहिलं: ‘चूक. उत्तर घाईने लिहिले आहे. पुस्तक पूर्ण वाचून मगच लिहावे.’ आणि शून्य गुण देऊन त्याभोवती गोल केला.

पुस्तक परत करायला दोघं गेली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ते चाळलं आणि लाल पान अण्णांसमोर धरलं.

“आजोबा, हे तुम्ही केलंत?”

“सुधारलं,” अण्णा म्हणाले.

दंड भरावा लागेल असं बाईंनी सांगितलं. कन्या तोवर भिंतीवरची नियमावली वाचत होती. नियमात पुस्तकात पेन्सिलीने लिहू नये एवढंच म्हटलंय, पेनाचा उल्लेख नाही, हे तिने मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी नियम वाचला. अण्णांनीही वाचला. मागे रांग लागली होती. अखेर अण्णांनीच नातीला गप्प केलं आणि दंड मोजून दिला. बाईंनी पावती फाडली: ‘पुस्तकाचे विद्रुपीकरण, रु. ५०/-’. अण्णांनी ती घडी करून खिशात घालता घालता थांबून पुन्हा उघडली, लाल पेन काढलं, ‘द्रु’चा उकार दीर्घ केला आणि पावती सहीसाठी बाईंच्या पुढे सरकवली.